एलिनेडबाईंच्या परसातला उठाव

उठाव या शब्दाने दचकू नका. आमच्या नांतगोर्लान गावात शेवटचा खरा उठाव कधी झाला ते कुणालाच आठवत नाही, आणि झालाच असेल तर तो चॅपेलच्या नव्या खुर्च्यांवरून झाला असेल. मी म्हणतो तो उठाव टेकड्यांचा. एखाद्या टेकडीच्या माथ्यावर उभं राहायचं आणि तिच्याहून उंच टेकडीकडे निघायचं, तेही कमीत कमी उतरावं लागेल अशा वाटेने. त्या वाटेवरची सगळ्यात खालची जागा ती खिंड. खिंडीपासून माथ्यापर्यंत जेवढी उंची भरते तेवढा त्या टेकडीचा उठाव. तो तीस मीटर भरला की टेकडी आमच्या यादीत येते. नाही भरला तर तो नुसता उंचवटा. मेंढ्यांना यात काही फरक पडत नाही, आम्हाला पडतो.

आम्हाला म्हणजे तीन माणसांना. मी, मैरिग, आणि तिसरे एक गृहस्थ, जे दक्षिणेकडे कुठेतरी राहतात आणि फक्त ई-मेलमधून रागावतात. वेल्समधल्या मोठ्या डोंगरांच्या याद्या करणारे पुष्कळ आहेत. त्यांना व्याख्यानांना बोलावतात, त्यांचे फोटो छापून येतात. लहान टेकड्यांना कुणी वाली नाही, म्हणून त्यांची यादी आम्ही ठेवतो. मी निवृत्त चष्मेवाला. उभं आयुष्य अंधाऱ्या खोलीत लोकांना ‘हे जास्त स्पष्ट दिसतंय, की हे?’ असं विचारण्यात गेलं, आणि लोक म्हणत, ‘दोन्ही सारखंच.’ अशा माणसाला निवृत्तीनंतर जगाबद्दल काहीतरी ठाम सांगावंसं वाटतं. माझी बायको नेस्टा हे कारण मानत नाही. ती म्हणते, ‘तुला घरात बसून भांडी पुसायची नाहीत, एवढंच कारण आहे.’

मैरिगची गोष्ट वेगळी. तो शाळामास्तर होता, आणि अजूनही आहे असंच तो समजतो. आपल्या जिल्ह्यातली यादीवरची प्रत्येक टेकडी तो चढला होता. कचरा डेपोमागची चढला, लष्कराच्या कुंपणाआडची परवानगी काढून चढला, आणि एका टेकडीवर बैल मोकळा सोडलेला होता तीसुद्धा चढला. ती जरा जास्त वेगाने उतरला. शेवटची टेकडी वसंतात झाली. पुढच्या महिन्यात आमच्या वार्षिक चहापानात ‘जिल्हा पूर्ण करणारा पहिला माणूस’ म्हणून त्याचं नाव जाहीर व्हायचं होतं, आणि त्यानंतर लगेच खुब्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यापुढे टेकड्या विसरा, बसची पायरी चढलात तरी आम्हाला आनंद आहे.

नेमक्या त्याच सुमारास सरकारने विमानातून लेसर मारून केलेली नवी मोजणी सगळ्यांसाठी खुली केली. यादी सुधारणाऱ्या माणसाला अशी मोजणी म्हणजे घरबसल्या मेजवानी. मी जिल्हाभर फिरलो, म्हणजे खुर्चीतूनच. तीन टेकड्या गळाल्या, दोन नव्या सापडल्या (त्या मैरिग हौसेखातर आधीच चढून आला होता), आणि मग सहज म्हणून आमच्याच गावामागचा उंचवटा तपासला. जुन्या नकाशावर त्याचा उठाव जेमतेम सत्तावीस होता. विमान म्हणत होतं तीस, थोडं इकडे किंवा थोडं तिकडे.

या उंचवट्याचा माथा एलिनेडबाईंच्या परसात आहे. एलिनेडबाई ही मैरिगची सख्खी धाकटी बहीण. आईवडिलांच्या पश्चात ते घर तिच्याकडे आलं. लहानपणी मैरिग त्या माथ्यावर रोज खेळला असेल, पण आमच्यात बालपण धरत नाहीत, नोंद लागते. आणि या बहीणभावांत गेली वीसेक वर्षं एका शब्दाचा व्यवहार नाही.

का, ते गावातलं लहान मूलही सांगेल. आमच्या गावच्या आयस्टेदवोदमध्ये, म्हणजे गाण्या-कवितांच्या वार्षिक स्पर्धेत, पाठांतराला एलिनेडबाई उभ्या होत्या आणि परीक्षक होता मैरिग. दुसरा कुणी असता तर पहिला नंबर बहिणीला देऊन मोकळा झाला असता. किंवा परीक्षक व्हायलाच नाही म्हणाला असता. मैरिगने अर्ध्या गुणाच्या फरकाने पहिला नंबर दिला पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गुरांच्या डॉक्टरला. परक्या खोऱ्यातला, त्यात गुरांचा डॉक्टर! एलिनेडबाईंना दुसरा. त्या दिवसापासून दोघं चॅपेलमध्येसुद्धा दोन टोकांना बसतात, आणि मधल्या बाकांवरच्या आम्हा सगळ्यांना सर्दी होते.

मी मैरिगकडे गेलो तेव्हा तो आपले डोंगरातले बूट पुसून कायमचे ठेवून द्यायच्या तयारीत होता.

‘मैरिग, एक बातमी आहे.’

‘चांगली असती तर तू फोन केला असतास.’

मी सांगितलं. त्याने बूट खाली ठेवला.

‘कुठली म्हणालास?’

‘तीच. तुमच्या घरामागची.’

‘माझं घर नाही ते. तिचं आहे.’

‘हे बघ, अजून नक्की काही नाही. विमानाला काय कळतं! तुझं ऑपरेशन होऊ दे, चहापान होऊ दे, मग पुढच्या वर्षी सावकाश मोजू.’

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझी शुद्धलेखनाची वही घरी राहिली असावी असं मला वाटलं.

‘टेकडी यादीतली असेल तर ती आजच आहे, इद्वल. माझ्या सोयीने ती पुढच्या वर्षी उगवणार नाही. मोज तू. भरली तर चढेन, नाही भरली तर सुटलो. न चढता पूर्ण केलं म्हणवून घेणार नाही.’

‘आणि एलिनेड?’

‘माझ्या बहिणीचा उठाव किती आहे ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे,’ तो म्हणाला आणि दुसरा बूट पुसायला घेतला.

आमच्या शेजारच्या ग्लेनिसला हे कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. नेस्टा म्हणते, तिने नाही सांगितलं. कुंपणापाशी ग्लेनिसने विचारलं तेव्हा ती फक्त नाही म्हणाली नाही. ग्लेनिसकडे सल्ला नेहमी ताजा असतो. ‘गुरुवारी जा,’ ती म्हणाली, ‘गुरुवारी ती केस सेट करायला जाते. मैरिगला गाडीत घालून न्या, माथ्याला पाय लावा, परत आणा. शिक्का मारून टाका.’ मी म्हणालो की आमच्यात शिक्का नसतो आणि चोरून चढलेली टेकडी मैरिग धरणार नाही. ‘मग तू गॅसवाल्याचं सोंग घे,’ ती म्हणाली. एलिनेडबाईंकडे गॅस नाही, हे सांगून काही उपयोग नव्हता. तिने मला तिच्या नवऱ्याचं रस्तेकामाचं पिवळं जाकीट मात्र आणून दिलं, म्हणजे मोजणी करताना गाडीखाली यायला नको. त्या जाकिटाने पुढे माझं वाटोळं केलं.

एलिनेडबाईंचा आवाज पाठांतराचा आहे. ‘कोण आहे?’ एवढे दोन शब्दसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील अशा बेताने त्या म्हणतात. दार उघडून त्यांनी आधी मला पाहिलं, मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

‘तुम्ही दिलेला हा चष्मा अजून कानामागे टोचतो,’ त्या म्हणाल्या. ‘बोला.’

मी बोललो. उठाव सांगितला, खिंड सांगितली, तीस मीटर सांगितले.

‘म्हणजे माझ्या परसाची परीक्षा घेणार.’

‘परीक्षा नाही, मोजणी.’

‘पास-नापास आहे?’

‘ते आहे.’

‘मग परीक्षाच. परीक्षक कोण?’

‘मी.’

‘एकटे?’

‘नाही, मंडळ आहे. एक गृहस्थ दक्षिणेकडे राहतात.’

‘आणि?’

मी त्यांच्या कोबीकडे पाहू लागलो. कोबी चांगला आला होता.

‘समजलं,’ त्या म्हणाल्या. ‘मोजा हवं तर. सोमवारी येऊ नका, धुणं असतं. आणि गावातल्या त्या गृहस्थांना माझ्या परसात पाय ठेवायचा असेल तर त्यांनी स्वतः येऊन विचारावं.’

निघता निघता मी टेकडीचं नाव विचारलं. आमच्या यादीत नकाशावरचं नाव चालत नाही, जवळ राहणाऱ्या माणसांच्या तोंडून आलेलं चालतं. याला कारण आहे. पूर्वी लंडनहून नकाशे करणारे साहेब आले. त्यांना आमची भाषा येत नव्हती, त्यांनी कानावर पडेल ते लिहिलं. पलीकडच्या डोंगराचं जे नाव आज नकाशावर छापलेलं आहे त्याचा अर्थ ‘कुत्रं बांधलंय, या’ असा होतो.

‘नाव?’ एलिनेडबाई म्हणाल्या. ‘घरामागे एकच टेकडी असली तर नाव कशाला लागतं? तुमच्या घरात एकच नवरा आहे. नेस्टा काय त्याला नावाने हाक मारते?’

मारते, पण ते नाव यादीत घालण्यासारखं नसतं.

मैरिगला निरोप दिला तर तो म्हणाला, ‘आधी भरते का ते बघू. विचारायचं की नाही ते मग.’ बहीण म्हणते आधी विचारा, भाऊ म्हणतो आधी मोजा, आणि यंत्र खांद्यावर घेऊन चढायचं मी.

मी मंगळवार धरला. सोमवारी पाऊस झाला होता, त्यामुळे धुणं मंगळवारी आलं. माथ्याचा खडक नेमका कपडे वाळत घालायच्या खांबाच्या बुडाशी. मी तिपाई लावली, उपग्रहांशी बोलणारं यंत्र वर बसवलं आणि मागे सरून उभा राहिलो, कारण ते यंत्र बराच वेळ एकटं सोडावं लागतं. वारा सुटला. एक ओली चादर यंत्राला अशी काही बिलगली की उपग्रहांना नांतगोर्लान दिसेनासं झालं. तो आकडा खरा मानला असता तर एलिनेडबाईंचं परस समुद्राच्या तळाशी गेलं असतं.

‘झालं का?’ त्यांनी खिडकीतून विचारलं.

‘पुन्हा करावं लागेल. चादर आडवी आली.’

‘चादर इथे रोजची आहे. आडवे तुम्ही आलात.’

माथा कसाबसा झाला. राहिली खिंड. विमानाच्या मोजणीवरून खिंडीचा शोध घेत मी गावात उतरलो, गल्ली ओलांडली, चॅपेलच्या फाटकातून आत गेलो आणि थेट पुरुषांच्या शौचालयासमोर येऊन उभा राहिलो. अजून दोन पावलं आत खिंड होती.

चॅपेलच्या मालकीच्या कुठल्याही जागी काही करायचं तर विश्वस्तांची संमती लागते, आणि विश्वस्तांमध्ये मुख्य गेथिन. गेथिनने अर्ज मागितला. हेतू काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘खरा असेल तो लिही, आम्ही पुढे बघू.’ मी लिहिलं, ‘शौचालयाची उंची निश्चित करणे.’ त्यावर विश्वस्तांची बैठक झाली. हे शौचालय पाडावं की दुरुस्त करावं यावर चॅपेलमध्ये आधीच दोन तट होते. पाडणाऱ्यांना वाटलं मी दुरुस्तीवाल्यांचा माणूस, दुरुस्तीवाल्यांना वाटलं मला पाडणाऱ्यांनी आणलंय. शेवटी उपासनेच्या वेळी मोजायचं नाही आणि आत जाताना पाय पुसायचे, या दोन अटींवर परवानगी मिळाली. आत जाताना पाय पुसायचे ही अट त्या जागेला प्रथमच लागू झाली असावी.

तोवर इकडे जाकिटाने आपलं काम केलं होतं. पिवळं जाकीट घातलेला, तिपाईवाला माणूस एकदा टेकडीच्या माथ्यावर आणि एकदा चॅपेलपाशी दिसला, एवढ्यावर दुकानात बातमी झाली की गावामागे पवनचक्की येणार. दुपारपर्यंत पवनचक्क्या अकरा झाल्या. संध्याकाळी त्यांच्या जोडीला इंग्लंडातल्या लोकांची सुट्टीतली घरं आली, आणि त्यांना रंग कुठला द्यायचा तेही ठरलं म्हणे. तो माणूस मी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझा चष्मा डोळ्यांवर ठेवूनच त्यांनी मला पाहिलं होतं! पण ज्या माणसाने आपले डोळे तपासले तो आपल्याला विकायला निघाला, ही कल्पना गावाला फार आवडली. आमच्या फाटकाला कुणीतरी ‘नको’ अशी पाटी बांधून गेलं. नेस्टा म्हणाली, ‘राहू दे. मलाही लागू पडते.’

चॅपेलच्या सभागृहात गावाची सभा भरली. अध्यक्ष गेथिन. मैरिग पहिल्या रांगेत, एलिनेडबाई शेवटच्या. मला खुलासा करायला उभं केलं. तोंडी सांगून कुणाला उमगेना, म्हणून मी नेस्टाने आणलेला ‘बारा ब्रिथ’ नावाचा गोड पाव पुढे ओढला. चहात भिजलेल्या मनुकांचा तो पाव मधे थोडा बसला होता. ‘ही उंच टेकडी,’ मी म्हणालो, ‘ही आपली टेकडी, आणि हा मधला खळगा म्हणजे खिंड.’ एवढं सांगून मी सुरी ठेवायला वळलो तेवढ्यात गेथिनने उंच टेकडी खाल्ली.

‘म्हणजे पवनचक्क्या नाहीत?’ मागून कुणीतरी विचारलं.

‘नाहीत.’

‘घरंही नाहीत?’

‘नाहीत.’

‘मग हे तुला कोण करायला लावतंय?’

‘कुणी नाही. मी आपणहून करतो.’

पवनचक्क्या असत्या तर मला निदान शत्रूचा मान मिळाला असता. आता सगळ्यांच्या माना नेस्टाकडे वळल्या आणि दोन-तीन बायकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत माझी एवढी शोभा पूर्वी कधी झाली नव्हती.

मैरिग उठला. ‘अध्यक्ष महाराज, मोजणी नियमाने होईल. परस कुणाचं आहे हे बघितलं जाणार नाही.’

शेवटच्या रांगेतून आवाज आला, ‘अध्यक्षांनी त्या गृहस्थांना सांगावं की ते तसं बघत नाहीत, हे गावाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.’

अर्ध्या सभेला खोकला आला. पण त्यानंतर एक निराळंच वारं फिरलं. पलीकडच्या खोऱ्यातल्या गावाच्या दोन टेकड्या यादीत आहेत आणि आपली एकही नाही, हे माझ्याच तोंडून निसटलं. पलीकडचं खोरं म्हटलं की आमच्या गावात मेलेलीही उठून बसतात. ग्लेनिस म्हणाली, ‘तीस भरत नसेल तर शौचालयाची फरशी हातभर खणा की! खिंड खाली गेली की टेकडी आपोआप वर जाईल.’ उठावाचा अर्थ सबंध गावात पहिल्यांदा ग्लेनिसला समजला, हे मला मान्य करावं लागेल. गेथिन म्हणाला, चॅपेलची एक फरशी हलणार नाही. मैरिग म्हणाला, माणसाने खणलेलं धरत नाहीत. सभा संपेपर्यंत सगळं गाव टेकडीच्या बाजूने होतं.

खिंड मोजली तो दिवस माझ्या नातवंडांना मी सांगणार नाही. छपराखाली उपग्रह दिसत नाहीत, म्हणून बाहेर दुर्बीण लावायची आणि आत एकाने आकड्यांची लांब काठी धरून उभं राहायचं. हे काम विश्वस्त म्हणून गेथिनने स्वतःकडे घेतलं. तो सूट घालून आला. दार सताड उघडं, आत गेथिन काठी धरून ताठ उभा, बाहेर मी एक डोळा मिटून वाकलेलो. सभागृहात गायकांची तालीम आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो. मधल्या सुट्टीत सगळे खर्जवाले बाहेर आले आणि रांग लागली.

‘इद्वल, अजून किती?’ गेथिनने आतून विचारलं.

‘हलू नकोस, खिंड हलेल!’

‘खिंड हलेल की नाही माहीत नाही,’ रांगेतला एक जण म्हणाला, ‘पण मला आता थांबवत नाही.’

आकडा आला. मी हिशेब केला, पुन्हा केला, दक्षिणेकडच्या गृहस्थांना पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. टेकडीचा उठाव एकोणतीस पूर्णांक सत्त्याण्णव शतांश मीटर. तीन सेंटिमीटर कमी.

मी जवळजवळ पळतच मैरिगकडे गेलो. ‘सुटलास!’ मी दारातूनच ओरडलो. ‘नाही भरली! तीन सेंटिमीटरनी गेली. कुणाला काही विचारायला नको, कुठे जायला नको. तुझा जिल्हा पूर्ण आहे.’

मैरिग खिडकीशी बसला होता. त्या खिडकीतून टेकडीचा माथा दिसतो, खांब दिसतो आणि धुणं असलं तर धुणंही दिसतं. माझ्या इतक्या वर्षांत ते कधी लक्षात आलं नव्हतं.

‘छान,’ तो म्हणाला.

‘छानच की.’

‘गेथिनने काठी सरळ धरली होती का?’

‘सरळ होती.’

‘चादर पुन्हा आली नसेल?’

‘नाही. मी दुसऱ्यांदा केलं तेव्हा चादर नव्हती.’

त्याने खिडकीची काच बाहीने पुसली. मग म्हणाला, ‘पुन्हा मोज.’

मैरिगबरोबर मी शेकडो टेकड्या मोजल्या असतील. थोडक्यात गेलेल्या टेकडीचं त्याला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नव्हतं. उलट, एक भोंदू पकडल्याचा आनंद त्याला होत असे. पुन्हा मोज, हे शब्द मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकले. त्याला ती टेकडी भरायला हवी होती. भरली असती तर जायला कारण मिळालं असतं. मला फार वाईट वाटलं, आणि आनंदाने ओरडत आल्याची लाजही वाटली.

तिथून एलिनेडबाईंकडे गेलो. त्यांनी चांगला कार्डिगन घातला होता आणि टेबलावर एकाऐवजी तीन कप मांडलेले होते. माझं तोंड बघून त्यांनी त्यातला एक उचलून आत ठेवला.

‘नापास?’

‘उपयादीत,’ मी म्हणालो. ‘तीसला थोडक्यात चुकलेल्यांची एक उपयादी असते. तिच्यात तुमची टेकडी सगळ्यात वर आहे. पहिली!’

‘म्हणजे दुसऱ्यांत पहिली.’

मी नजरेने कोबी शोधला, पण तो परसात होता.

‘आणि हे सांगायला त्यांनी तुम्हाला पाठवलं.’

‘पाठवलं नाही, मी आपणहून...’

‘तेव्हा स्पर्धेच्या चिटणीसाला पाठवलं होतं,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत गेला नाही. ‘निकालाचा कागद त्याच्या हातात कोंबला आणि मागच्या दाराने पसार झाले. मी मंचाच्या पायऱ्यांशी उभी होते. गावाला वाटतं मी दुसऱ्या नंबरावरून रुसले. दुसरा नंबर कुणालाही येतो हो, इद्वल. तो तोंडावर सांगायला माणूस लागतो.’ त्यांनी कार्डिगनचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ‘जा. त्यांना सांगा, परीक्षकाने स्वतः यावं आणि रीतीप्रमाणे निकाल वाचून दाखवावा.’

मैरिगला मी हा निरोप शब्दशः दिला. तो उठला. आत जाऊन टाय बांधून आला.

गल्लीपासून वरपर्यंत चढ फार नाही, पण काठी टेकत, दर कुंपणाशी थांबत, त्याला बराच वेळ लागला. मी एका बाजूला, नेस्टा दुसऱ्या बाजूला. आधार द्यायला गेलो की तो हात झटकायचा. वाटेतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलत होते. एलिनेडबाई खांबाशी, माथ्याच्या खडकामागे, हात बांधून उभ्या होत्या.

‘या,’ त्या म्हणाल्या. ‘कोबीवर पाय देऊ नका.’

मैरिगने टोपी काढली. आमच्याकडे स्पर्धेला कविता टोपणनावाने पाठवतात, आणि परीक्षक आधी निकाल सांगत नाही. आधी भाषण करतो, गुणदोष सांगतो, सगळ्यांचा जीव टांगणीला लावतो. मैरिगने घसा साफ केला आणि समोर भरगच्च सभागृह असल्यासारखी सुरुवात केली.

‘या वर्षीच्या स्पर्धेचा दर्जा समाधानकारक होता. प्रस्तुत स्पर्धकाने टोपणनाव दिलेलं नाही, हा एक दोष. परंतु पाया भक्कम आहे. दक्षिणेकडचा उतार मला विशेष आवडला. त्यात कुठेही दिखाऊपणा नाही. माथा स्पष्ट आहे. वारा, पाऊस आणि आमच्यासारखे परीक्षक सोसूनही स्पर्धक आपल्या जागी ठाम उभी राहिली, याची नोंद घेतली पाहिजे.’ तो थांबला. ‘मात्र...’

परीक्षकाच्या तोंडचा ‘मात्र’ आमच्या देशात सगळ्यांना कळतो. नेस्टाने माझा दंड घट्ट धरला.

‘मात्र, तीन सेंटिमीटर कमी पडले. दुसरा क्रमांक.’

एलिनेडबाई हलल्या नाहीत. ‘तीन सेंटिमीटर म्हणजे किती? दाखवा.’

मैरिगने अंगठा आणि बोट धरून दाखवलं. तो काठीवर तोल सावरत होता, त्यामुळे कधी तीन दिसत होते, कधी पाच. त्या पुढे आल्या आणि त्या फटीकडे टोचणाऱ्या चष्म्यातून बराच वेळ बघत राहिल्या.

‘एवढ्यासाठी?’

‘एवढ्यासाठी.’

‘आणि तेव्हा?’

‘तेव्हा याहून कमी होतं.’

‘ते मला ठाऊक होतं. तिसऱ्या कडव्यात मी अडखळले होते. मी पास करा म्हणून कधी म्हटलं नाही. तुम्ही मागच्या दाराने का गेलात?’

मैरिगने बोटं मिटली. टोपी या हातातून त्या हातात घेतली.

‘तू रडशील म्हणून,’ असं उत्तर मी मनात देत होतो. तो तसंच काहीतरी म्हणेल असं मला वाटलं.

‘मला रडू येत होतं,’ मैरिग म्हणाला. ‘सबंध शाळा समोर बसलेली. मास्तर कसा रडणार?’

एलिनेडबाईंनी तोंड फिरवलं आणि खांबाची दोरी उगाच ओढून पाहिली. दोरी घट्टच होती.

‘मूर्ख आहेस तू,’ त्या दोरीकडे बघत म्हणाल्या. ‘पहिल्यापासून आहेस. बस खाली. पाय दुखत असेल तुझा.’

तो खडकावर बसला. नेस्टाने माझी बाही ओढली. उपयादीतली टेकडी चढलेली धरतात का, आणि माथ्याला पायाऐवजी बूड टेकलं तर चालतं का, हे दोन मुद्दे मला तिथल्या तिथे काढायचे होते, पण तिने मला फाटकाबाहेर काढलं. आम्ही उतरू लागलो. मागे वर एलिनेडबाई काहीतरी म्हणाल्या आणि मैरिगचा वर्गातला आवाज चढला.

‘तिसऱ्या नव्हे, चौथ्या कडव्यात अडखळलीस तू!’

‘तिसऱ्या!’

‘चौथ्या! परीक्षक मी होतो!’

‘आणि म्हणणारी कोण होती? तू?’

आम्ही गल्ली ओलांडून चॅपेलपाशी आलो तरी दोघांचं चालूच होतं, आणि कुणाचीही खिडकी बंद झाली नव्हती.